चावी, पाव आणि तुरुंग

सकाळी ६.३०

ऑक्टोबरात लिस्बनला साडेसहाला मिट्ट काळोख असतो. आमची म्हापशावाली मात्र चारपासूनच जागी. लग्न होऊन वसईत आल्यापासून ती सासरच्या बेकरीत पहाटे चारला भट्टीपुढे उभी राहते. परदेशात आलं म्हणून तिची झोप लांबत नाही. बाकी आम्ही तिघी वसईच्याच: शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, दवाखान्यात उभं आयुष्य काढलेली सिस्टर आणि टपाल खात्यातून मोकळी झालेली मी. बाई आणि सिस्टर यांना खरी नावं आहेत, पण गावात त्यांना त्या नावांनी कुणी हाक मारत नाही, तेव्हा मीही मारत नाही.

चौघींचंही युरोपातलं हे पहिलं शहर. लोक आधी पॅरिसला जातात, लंडनला जातात. आम्ही लिस्बन ठरवलं, कारण आम्ही तिघी ज्या किल्ल्याच्या तटावर चिंचा खात मोठ्या झालो तो या शहराच्या हुकमानं उभा राहिला. १५३४ ते १७३९, म्हणजे दोनशे पाच वर्षं वसईचा कारभार इथल्या राजाच्या नावानं चालला. आणि म्हापशावालीच्या माहेरी तर हा इतिहास १९६१ पर्यंत चालू होता. तिच्या नात्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात आज पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. ती स्वतः मात्र इथं पहिल्यांदाच आली.

आम्ही मोरारिया भागात उतरलो आहोत. चौथा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना. काल रात्री घरमालकीण आजींनी एक लांब लोखंडी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “शाव्ह.” मला कळेना. त्यांनी किल्ली उचलून कुलपात फिरवण्याची खूण केली, पुन्हा तोच शब्द. “अगं, चावी म्हणतायत त्या!” म्हापशावाली जिन्यातच ओरडली.

बाईनं रात्री झोपण्यापूर्वी उलगडून सांगितलं. या शब्दाच्या आरंभी पोर्तुगीज लिहितात त्या अक्षरांचा उच्चार सोळाव्या शतकात ‘च’ होता. तो शब्द जहाजातून आपल्याकडे आला तेव्हा ‘च’ घेऊन आला. पुढं लिस्बनमध्ये ‘च’चा ‘श’ झाला, आपला मात्र तसाच राहिला. म्हणजे आम्ही रोज घराला कुलूप लावताना इथल्या लोकांच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या उच्चारात बोलतो. बाईच्या वहीत पहिला शब्द पडला: चावी.

सकाळी ७.१५

कोपऱ्यावरच्या बेकरीवर पाटी आहे, ‘पादारिया’. भाजणाऱ्याला इथं ‘पादेयरू’ म्हणतात. गोव्यात सायकलवर टोपली बांधून पोंप वाजवत येणारा ‘पोदेर’ तो हाच. म्हापशावालीनं काचेपलीकडे बोट दाखवून “पाव” म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी “पांव” म्हणत चार उचलून कागदात गुंडाळले. नाकातून निघालेल्या एका सुराचा काय तो फरक.

तिनं पाव मोडला, कवच किती पातळ फुटतं ते कान लावून ऐकलं, आत बोट दाबलं, वास घेतला. मग बोलायला लागली, अर्धं कोकणीत, अर्धं हातांनी. गोव्यात पहिल्यांदा पाव भाजायला घेतला तेव्हा पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं. तिथं माडाची ताडी होती, तीच पिठात घातली आणि पाव फुगला. ताडीचा ‘सूर’ घालून पाव करणारी शेवटची पिढी तिनं माहेरी पाहिली आहे. हे सारं तिला काउंटरवरच्या बाईंना सांगायचं होतं. भाषा पुरेना, तेव्हा तिनं मोबाइलमधला वसईच्या भट्टीचा फोटो पुढं केला. त्या बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला, आत जाऊन पिठानं पांढऱ्या झालेल्या एका माणसाला घेऊन आल्या आणि तोही फोटो पाहून हसला. मागं रांग वाढत होती, पण कुणी कुरकुर केली नाही.

चहाला इथं ‘शा’ म्हणतात. तोच ‘च’, तीच वाट. आम्ही पावाबरोबर वसईहून आणलेली सुकेळी खाल्ली. सिस्टरनं दोन सुकेळी काउंटरवरही ठेवली.

सकाळी ८.३०

मार्तिम मोनिशच्या चौकात २८ नंबरच्या ट्रामची रांग. पिवळी, एकाच डब्याची, लाकडी बाकांची, १९३० च्या दशकातल्या बांधणीची ही ट्राम चढ चढते तेव्हा पायाखाली तिची धडपड जाणवते. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. माझी आई दादरच्या ट्रामबद्दल सांगायची, तिच्या घंटेचा आवाज तोंडानं काढून दाखवायची. तो आवाज आज ऐकला. आईनं तंतोतंत काढला होता.

गल्ल्या इतक्या अरुंद की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या दाराची कडी वाजवता येईल. मध्येच एक आजी भाजीची पिशवी घेऊन चढल्या. बसायला जागा नव्हती; सगळ्या बाकांवर आमच्यासारखे पाहुणे. सिस्टर उठली. आम्हाला जी मौज वाटते ती या आजींची रोजची गाडी आहे, हे मनात धरूनच इथं फिरावं असं मला वाटतं. पास चोवीस तासांचा होता, पुन्हा चढता आलं असतं. आम्ही चढलो नाही, चाललो.

सकाळी ९.४०

पोर्ताश दु सोलच्या कठड्याशी उभ्या आहोत. खाली आल्फामाची लाल कौलं उतरत गेली आहेत, त्यापुढं टेजो. नदी म्हणतात, पण इथं तिचं पात्र खाडीसारखं. सिस्टर म्हणाली, “भाईंदरची खाडी दहापट केली तर.” बाईनं घड्याळ पाहून आम्हाला गप्प केलं.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळचे साधारण नऊ चाळीस. गावातली देवळं माणसांनी भरलेली, वेदीपुढं मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंप झाला. देवळं कोसळली ती भक्तांच्या अंगावर. जी माणसं वाचली ती मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावली, तर टेजोचं पाणी मागं सरून पुन्हा उसळून आलं. आणि पडलेल्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लावलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. बाई हे वर्गात सांगावं तसं सांगत होती, पण आवाज खाली. आमच्या पायाखालची आल्फामा मात्र बरीचशी वाचली. टेकडीचा खडक घट्ट होता. म्हणूनच इथल्या वाटा अजून अरबांच्या काळासारख्या वेड्यावाकड्या आहेत, आणि नावही अरबीच.

सकाळी १०.३०

उतारावर पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे लहान चौकोनी तुकडे बसवलेले आहेत. दिसायला रांगोळी, पायाला निसरडे. आम्ही एकमेकींचे हात धरून उतरलो.

सेच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या घंटा वाजल्या. ११४७ मध्ये अरबांकडून शहर घेतल्यावर बांधायला काढलेलं हे देऊळ. घंटा ऐकून तिघींनाही एकच आठवलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी काढून महाराष्ट्रभर देवळांत वाटल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरचीही. एकाच घडणीचा नाद, तिकडं महादेवापुढं आणि इकडं इथं. म्हापशावालीनं छातीवर क्रूस केला. बाईनं, कळत नकळत, हात जोडले.

सकाळी ११.१५

तेरेरु दु पासु. ‘राजवाड्याचं पटांगण’ हे नाव लोकांच्या तोंडी टिकलं. राजवाडा भूकंपात गेला. वाड्याला लागूनच ‘काझा दा इंडिया’ होती, हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मिरी, दालचिनी, जहाजांचे नकाशे, खलाशांचे हिशेब सारं तिथं राहायचं आणि तिथंच गेलं. टपालातली माझी सारी नोकरी कागद सांभाळण्यात गेली, म्हणून मला या पटांगणात पुतळ्यापेक्षा ते न दिसणारे कागद जास्त जाणवले. त्यात वसईचेही असतील.

भूकंपानंतरचं गाव पोम्बालच्या मार्किशनं आखून बांधलं, सरळ रस्त्यांचं. भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घातले, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर घर हलेल पण पडणार नाही. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, ती घरं उभी आहेत.

दुपारी १२.१५

१५ नंबरच्या ट्रामनं बेलेंला. जेरोनिमुश मठाचं बांधकाम १५०१ मध्ये सुरू झालं. पूर्वेकडून आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के कराचा पैसा त्यावर खर्च झाला. खांब नारळीच्या झाडासारखे वर जाऊन छतात झावळ्यांसारखे फाकतात. दगडात जहाजाचे दोर कोरलेले आहेत. इतकं सुंदर काम मी दुसरीकडं पाहिलेलं नाही, आणि त्यात आपल्या मलबारच्या मिरीचा दाम आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गाभाऱ्यात राजा मानुएलची शवपेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवली आहे. हत्ती पाहून एक लहान मुलगी आनंदानं ओरडली.

दाराजवळ वास्को द गामाची समाधी. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथल्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. अस्थी नंतर इकडं आणल्या. समोर कवी कामोंइश, जो गोव्यात राहून गेला. बाई वास्कोपाशी बराच वेळ उभी होती. मग मला हळूच म्हणाली, “१५०२ मध्ये यानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. आमच्या पुस्तकात एकच ओळ होती, मार्ग शोधला. मी तीस वर्षं तीच ओळ शिकवली.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या बाकावर म्हापशावाली गुडघे टेकून कोकणीत प्रार्थना करत होती. दोघींच्या मध्ये मी उभी होते. कुणाचा हात धरावा कळेना.

प्रार्थना संपवून म्हापशावालीच उठून आली आणि बाईच्या शेजारी उभी राहिली. बोलल्या काही नाहीत. बाहेर आल्यावर तिनं आपल्या बाटलीतलं पाणी बाईला दिलं.

दुपारी १.३०

जेवण. ‘बाकाल्याव’, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. दुकानात त्याच्या थप्प्या लावलेल्या असतात आणि वास थेट आमच्या पाचूबंदरच्या बोंबलांच्या वलांडीसारखा. बरोबर ‘बटाटा’, कारण तो इथंही बटाटाच. ‘कोव’चं गरम सूप आलं, ती आपली कोबी. पैसे देण्याला ‘पगार’ म्हणतात. वहीची दोन पानं भरली: लिलाव, बादली, पिंप, फीत, मेस्त्री, नाताळ, अननस. म्हापशावालीची कोकणी यादी तर आणखी लांब. तिनं वेटरला खिडकी दाखवून “जनेल” म्हटलं, त्यानं “जनेला” म्हणून ती उघडून दिली.

मग मठाशेजारच्या जुन्या दुकानातल्या पाश्तेल. १८३४ मध्ये मठ बंद झाले, साधूंची कृती बाहेर पडली आणि १८३७ पासून इथं विकली जाते. कुरकुरीत वाटी, आत अंड्याची गरम मलई, वर दालचिनी भुरभुरायची. सिस्टरनं तीन खाल्ल्या आणि साखरेची गोळी आठवणीनं घेतली.

दुपारी २.४५

बेलेंचा बुरूज बाहेरूनच पाहिला. आम्हाला त्यातला एकच दगड शोधायचा होता. एका मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलं आहे, झिजून ओळखू येईल न येईलसं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहानं भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये इथं उतरवला. युरोपात हजार वर्षांत कुणी गेंडा पाहिला नव्हता. जर्मनीत बसून ड्यूररनं न पाहताच त्याचं चित्र काढलं, ते जगभर पोचलं. राजानं मग तो पोपला धाडला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेंडा मेला. “बिचाऱ्याला साखळी होती,” बाई म्हणाली. “नाहीतर गेंड्याला पोहता येतं.”

दुपारी ३.३०

प्रवास ठरवताना बाईनं एकच मागणी केली होती. बाकी काही दाखवू नका, पण मला काशियशला न्या. लिस्बनच्या कुठल्याही सहलीत हे नाव नसतं. बेलेंहून काश्काइशकडे जाणारी लोकल पकडली, तिकीट वेगळं काढलं. डावीकडं सतत पाणी. थोड्याच वेळात उतरलो.

या गावाच्या टेकडीवरच्या किल्ल्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा तुरुंग होता. तिथं मोहन रानडे होते. सांगलीचा तरुण, गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. पुढं त्यांना पोर्तुगालला आणलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पणजीत तिरंगा चढला, आणि ज्यांनी त्यासाठी गोळी खाल्ली ते इथं कोठडीत राहिले, आणखी सात वर्षं. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटले. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

बाईचे वडील १९५५ च्या सत्याग्रहात गोव्याच्या सीमेवर गेले होते. लाठ्यांनी त्यांचा डावा खांदा कायमचा उतरला. रानड्यांचं ‘सतीचे वाण’ त्यांनी मरेपर्यंत उशाशी ठेवलं. तेच पुस्तक आज बाईच्या पिशवीत होतं.

वर अजूनही तुरुंगच आहे, आजच्या कैद्यांचा. आत जाण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही स्टेशनजवळ समुद्राकडं पाठ आणि टेकडीकडं तोंड करून बसलो. बाईनं पुस्तक मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. बऱ्याच वेळानं वही काढली आणि दुपारच्या यादीखाली लिहिलं: तुरुंग. मी तिच्याकडं पाहिलं. “हाही इथलाच,” ती म्हणाली. “त्रोंकु. खोडा. कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. चावी त्यांची आणि तुरुंगही त्यांचाच शब्द.”

म्हापशावाली इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझे बाबा पोर्तुगीज शाळेत शिकले. त्यांना या माणसाचं नाव माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. वाचून दाखव ना थोडं.”

बाईनं वाचलं. लाटांच्या आवाजात तिचा आवाज पुरेसा पोचत नव्हता, म्हणून आम्ही तिघी तिच्याजवळ सरकलो.

संध्याकाळी ५.४५

परतीची गाडी लाल पुलाखालून गेली. १९६६ मध्ये तो उघडला तेव्हा त्याला सालाझारचं नाव होतं. आज त्याचं नाव ‘२५ एप्रिल’ आहे.

त्या तारखेसाठीच आम्ही कार्मुच्या चौकात चढून गेलो. भूकंपात छप्पर गेलेलं चर्च तसंच उघडं ठेवलं आहे. कमानींच्या वर सरळ आभाळ. शेजारच्या सैनिकी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ ला सालाझारचा वारस काएतानु शरण आला. बाहेर चौक माणसांनी भरला होता आणि शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचलेली होती. त्यानंतर एक-दोन दिवसांतच काशियशच्या कोठड्या उघडल्या. आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. या देशानं स्वतःला सोडवलं तेव्हाच आपल्यालाही खऱ्या अर्थानं सोडलं, असं मला त्या चौकात उभं राहून वाटलं. सिस्टरनं फुलवाल्याकडून एक लाल कार्नेशन घेतलं आणि बाईच्या पुस्तकात घातलं.

संध्याकाळी ७.००

रोसियुवरून खाली. साओं दोमिंगुश चर्चसमोर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. पलीकडं आज जिथं नाट्यगृह उभं आहे, तिथं इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. त्याची एक शाखा गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत चालली. पाय दुखत होते, पण इथं आम्ही बसलो नाही.

रात्री ९.००

मोरारिया. घराजवळच्याच एका लहान खाणावळीत फादु, म्हणजे इथली गाणी. टेबलं दहा-बारा. दिवे मालवले, बोलणं थांबलं, ताट वाजवणाऱ्या वेटरनंही हात थांबवले. साठीच्या एका बाईंनी काळी शाल ओढून, डोळे मिटून गायला सुरुवात केली. बारा तारांची गितार मधूनमधून त्यांच्या सुराला उत्तर देत होती. शब्द एकही कळला नाही. म्हापशावालीला काही कळत होते. तिच्या आईच्या तोंडचे मांडो अशाच चालीनं खाली उतरायचे, असं ती नंतर म्हणाली. गाणं चालू असताना ती नुसते ओठ हलवत होती.

रात्री ११.१५

चार जिने. किल्ली मीच काढली, कुलूप पटकन उघडेना. मागून तिघी एका सुरात म्हणाल्या, “शाव्ह.”

झोपायच्या तयारीत असताना म्हापशावालीनं सांगितलं की सकाळच्या पादारियातल्या त्या पांढऱ्या झालेल्या माणसानं तिला पहाटे साडेचारला भट्टी पाहायला बोलावलं आहे. खाणाखुणांनी ठरलं होतं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. बाई अंथरुणात उठून बसली.

“मलाही उठव,” ती म्हणाली.

म्हापशावालीनं मोबाइलवर चारचा गजर लावला आणि तो दोघींच्या उशांच्या मध्ये ठेवला.